सावरल्याचं सोंग

ऑगस्ट १९२६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांना एक पत्र लिहिलं. आदल्याच महिन्यात बाबासाहेबांचा मुलगा राजरत्न गेला होता. मी आणि माझी पत्नी या धक्क्यातून सावरलो आहोत असं सोंग आणण्यात अर्थ नाही, असं त्या पत्रात ते सरळ सांगून टाकतात. पुढं कधी सावरू असंही त्यांना वाटत नाही. चार लेकरं मातीत ठेवली, तीन मुलगे आणि एक मुलगी. ती चारही किती चपळ, सुलक्षणी, देखणी होती हेही ते सांगतात. आणि हा शेवटचा तर असा गुणी होता की त्याच्यासारखं मूल क्वचितच बघायला मिळतं, हे तर ते आपल्या आळीतल्या कुठल्याही बापानं सांगावं तसं सांगतात. त्यापुढची वाक्यं मी इथं उतरवत नाही. ती आली की मला दर वेळी पुस्तक मिटावं लागतं.

बाबासाहेब तेव्हा पस्तीस वर्षांचे, रमाबाई अठ्ठावीस. परळच्या चाळीतलं बिऱ्हाड. गंगाधर, रमेश, इंदू आणि आता राजरत्न. मागं उरला तो एकटा यशवंत. पुढच्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आहे, एप्रिलमध्ये 'बहिष्कृत भारत' पाक्षिक आहे. चरित्रं या पत्रावरून लगबगीनं पुढं जातात, त्यांना महाडला पोचायचं असतं. मला मात्र त्या जुलै आणि मार्चच्या मधल्या आठ महिन्यांत रेंगाळावंसं वाटतं. त्या घरात तेव्हा दिवेलागण कशी होत असेल, कोर्टातून परतलेला माणूस दाराशी क्षणभर का थांबत असेल, हे मला आता कळतं.

आणि दत्तोबा. ते चर्मकार समाजातले कार्यकर्ते. शाहू महाराज आणि बाबासाहेब यांची गाठ घालून देण्यात त्यांचा हात होता, म्हणून इतिहासात त्यांचं नाव येतं आणि बहुतेक वेळा तेवढ्यापुरतंच येतं. मी कोल्हापूरचीच. या गावातल्या एका माणसाच्या हातात ते पत्र पडलं, त्यानं ते उघडलं, वाचलं, याचा मला फार आधार वाटतो. सभेत, कोर्टात, वर्तमानपत्रात ज्याला ताठ उभं राहावं लागतं अशा माणसाला एक जागा हवी असते, जिथं ताठ राहायचं नाही. बाबासाहेबांना ती जागा कोल्हापुरात होती. ते पत्र वाचलं की मला राजरत्नबद्दल रडू येतं आणि दत्तोबांबद्दल हात जोडावेसे वाटतात.

आमची मुलगी तिसरीत होती. रक्ताचा कर्करोग. त्याहून जास्त काही त्या आजाराबद्दल मी लिहिणार नाही, त्यानं पुष्कळ खाल्लंय आमचं, या पानावर तरी त्याला जागा नको. तिच्याबद्दल लिहायचं तर ती डावखुरी होती, भडंगातले शेंगदाणे तेवढे वेचून खायची आणि झोपेत पाय भिंतीला लावून झोपायची. भिंतीवर त्या जागी तिच्या टाचांचा डाग आहे. दोनदा घराला रंग दिला, तेवढी चौकट सोडून दिला. रंगाऱ्यानं पहिल्यांदा विचारलं, दुसऱ्यांदा तोच आला होता, त्यानं विचारलंही नाही.

मूल गेल्यावर घरात माणसं येतात आणि बोलतात. बोलल्याशिवाय त्यांना राहवत नाही, आणि त्यांचा हेतू वाईट नसतो हे मला मान्य आहे. देवाला आवडली. तेवढंच आयुष्य घेऊन आली होती. सुटली बिचारी. अजून तुमचं वय आहे. आता तूच खचलीस तर घराकडं कोण बघणार? वेळ जाऊ दे, वेळ हेच औषध. एका जाणत्या नातेवाइकांनी मला गाडगेबाबांची गोष्ट सांगितली. १९२३ मध्ये कोकणात खारेपाटणला कीर्तन चाललेलं असताना त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंदा गेल्याचं त्यांना कळलं, आणि तरी त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. थोर गोष्ट आहे. पण मुलीला पोचवून आठवडाही झाला नव्हता, आणि ती गोष्ट माझ्यापुढं ठेवली गेली तेव्हा तिच्यातून मला एवढंच ऐकू आलं की तू मोठ्यानं रडतेस.

आपल्याकडं थोरामोठ्यांच्या धीराच्या गोष्टी फार सांगतात. त्यांच्या कोसळण्याच्या गोष्टी कुणी सांगत नाही. म्हणून मला ते पत्र घराघरांत माहीत व्हावंसं वाटतं. देशाची घटना लिहिणारा माणूस मुलामागं म्हणाला की मी सावरलेलो नाही, आणि सावरल्याचं दाखवणारही नाही. हे मला त्या पहिल्या आठवड्यात कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या पाया पडले असते.

म्हातारं माणूस गेलं की काय करायचं ते गावाला पाठ असतं. दहावा, तेरावा, पिंड, कावळा, वर्षश्राद्ध. रडायचेही दिवस ठरलेले, थांबायचेही. लहान मुलाला आपण यातलं फारसं काही देत नाही. तान्हं असलं तर ते पुरतात, सूतकही आखडतं असतं, कितीतरी घरांत दिवस घालत नाहीत. पूर्वी घरटी दोनतीन मुलं जायची, प्रत्येकाचं सगळं करत बसलं असतं तर शेत कुणी पेरलं असतं, हे त्यामागचं कारण असेल. पण त्यामुळं आईबापाच्या हाताला काम उरत नाही. चौथ्या दिवशी पाहुणे जातात. शेजारून येणारी पिठलं-भाकरी थांबते. आपण आपला गॅस पेटवतो आणि तीन ताटं घेतो.

तेव्हा माझी मैत्रीण येऊ लागली.

तिचं आणि माझं लग्न एकाच वर्षातलं, दोघींची घरं एकाच गल्लीत, दोघींच्या मुली एकाच वर्गात. ती बोलण्यात हुशार वगैरे मुळीच नाही. कुणाकडं दुःखाला भेटायला गेली की दारातच घुटमळते. ती माझ्याकडं आली ती दुपारी सव्वाचारला, हातात मेथीच्या दोन जुड्या घेऊन. म्हणाली, ''निवडायला घे गं, मला एकटीला कंटाळा येतो.'' आम्ही वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसलो. साडेचारला गल्लीत शाळेची रिक्षा आली. मुलांचा गलका, पिशव्यांची ओढाताण, आणि आमच्या फाटकाशी आल्यावर रिक्षाचा वेग जरासा कमी झाला. रिक्षावाल्या मामांच्या हाताला सवय होती. मग ती पुढं गेली. मैत्रिणीनं मान वर केली नाही. मेथीची काडी मोडत माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला ती गवार घेऊन आली. मग पावटा, मग लसूण, मग नुसतेच निवडायचे तांदूळ. तिला तिच्या मुलीला रिक्षातून उतरवून घ्यायला दारात उभं राहावं लागायचं, ते काम तिनं सासूबाईंवर सोपवलं होतं. तिनं ती वेळ हेरली होती हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. इतर लोक मला संध्याकाळी भेटायला यायचे, कारण संध्याकाळी माणूस एकटं पडतं असं सगळ्यांना वाटतं. माझी वेळ साडेचारची होती, आणि ती फक्त तिला ठाऊक होती.

तिनं केलेल्या आणखी एका कामाबद्दल लिहायला हवं, कारण अशा कामांबद्दल कुणी लिहीत नाही. मूल गेलं तरी कागदांत ते राहतं. महापालिकेतून मृत्यूचा दाखला काढावा लागतो. रेशनकार्डावरचं नाव कमी करण्यासाठी अर्ज द्यावा लागतो, सोबत दाखल्याची झेरॉक्स. शाळेत कळवायचं, बाकातल्या वह्या आणायच्या, बँकेत तिच्या नावानं उघडलेलं छोटं खातं बंद करायचं. यातली एकेक गोष्ट आईबापाच्या हातून दर वेळी नव्यानं तिचं जाणं लिहून घेते. सहीसाठी मला जावं लागलं तिथं ती सोबत आली. जिथं माझ्याशिवाय चालत होतं तिथं तिनं मला नेलंच नाही. रेशनकार्डाच्या अर्जावर 'नाव कमी करण्याचे कारण' असा एक रकाना असतो. तो तिनं भरला, तिच्या अक्षरात. मला नुसती खाली सही करायची होती. वरचा भाग तिनं तळव्यानं झाकून धरला होता.

शाळेतून वह्या आणल्या त्याही तिनंच. महिनाभर त्या तिच्या कपाटात होत्या, हे तिनं मला सांगून ठेवलं होतं. ''तुला हव्या तेव्हा माग. मी आपणहून आणणार नाही.'' मी मागितल्या त्या रात्री दहा वाजता. ती गाऊनवर ओढणी घेऊन तशीच आली. चित्रकलेच्या वहीत शेवटचं चित्र रंकाळा तलावाचं होतं, पाणी जांभळं रंगवलेलं. ती म्हणाली, ''निळा खडू संपला असेल गं हिचा.'' आणि आम्ही दोघी हसलो. मुलीच्या जाण्यानंतरचं माझं पहिलं हसू त्या निळ्या खडूवरचं आहे. हसल्यावर मी घाबरले. तिनं ते ओळखलं असावं, कारण ती लगेच दुसरं एक चित्र काढून त्यातल्या गाईला पाच पाय कसे, ते दाखवायला लागली.

माझ्या नवऱ्याचं निराळं होतं. पुरुषाला आपल्याकडं दुःख करायला जागाच ठेवलेली नाही. लोक त्यांना भेटायचे आणि माझी चौकशी करायचे. वहिनींना सांभाळा, असं सांगायचे. त्यांना कोण सांभाळणार हे कुणी विचारत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही विचारत नव्हते, माझ्यात तेवढा जीवच नव्हता. त्यांचा शाळेपासूनचा एक दोस्त आहे, टेंपो चालवतो. तो पहाटे पाचला दारात यायचा आणि बाहेरूनच हाळी द्यायचा, ''वैनी, ह्याला जरा रंकाळ्यावर फिरवून आणतो.'' उठवा, म्हणायचा नाही. नेतो, म्हणायचा. दोघं तलावाच्या कडेनं चालायचे. काय बोलता म्हणून मी एकदा विचारलं, तर हे म्हणाले, ''काही नाही. तो म्हशी बघतो, मी पाणी बघतो.'' एका पहाटे पाऊस झोडपत होता. मला वाटलं आज काही तो येत नाही. पाचला टेंपोचा हॉर्न वाजला. ''गाडीत बसून बघू की मर्दा, तळं कुठं जातंय?''

त्या टेंपोत माझा नवरा पहिल्यांदा ओरडून रडला. हे मला त्यांनी नव्हे, दोस्ताच्या बायकोनं सांगितलं, आणि तेही पुष्कळ वर्षांनी. दोस्तानं गाडी बंद केली नव्हती. इंजिनाच्या आवाजात रडणं बाहेर जात नाही, म्हणून चालूच ठेवली होती.

मैत्रीवर लिहिताना माणसं सगळं गोड लिहितात. या मैत्रीत एक काटा होता, तो लिहिल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. तिची मुलगी जिवंत होती. माझ्या मुलीच्याच वर्गातली, तिच्याच उंचीची, तिच्याबरोबर दात पडलेली. ती वाढत होती. तिच्या फ्रॉकची लांबी बघून मला माझ्या मुलीची उंची कळायची. चौथीचा निकाल, पाचवीची नवी शाळा, सायकल, पहिली पाळी. मैत्रीण या सगळ्या गोष्टी माझ्यापासून लपवायची. लपवायची म्हणजे खोटं बोलायची नाही, नुसती गप्प बसायची. तिच्या घरातला आनंद ती माझ्या दारात चपलांबरोबर बाहेर काढून यायची. आणि मी ते बघत होते, आणि मला ते बरंही वाटत होतं. काही दिवस तर असे होते की ती पोरगी गल्लीतून सायकल मारत गेली की मी खिडकी लावून घ्यायची. एका निष्पाप मुलीचा मला राग येत होता. त्या रागाचं नाव मी कुणापुढं घेतलं नाही. मैत्रिणीनंच एकदा घेतलं. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, ''तुला हिच्याकडं बघवत नसेल, तर सांग. मी हिला मामाकडं शिकायला ठेवीन.'' ते तिनं मनापासून म्हटलं होतं. मी तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि दोघी तिथंच ओट्याशी किती वेळ उभ्या होतो कोण जाणे.

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी दुपारी एक वाजून गेला तरी तिच्या घरातून काही आवाज नाही. फटाके नाहीत, पेढे नाहीत. मुलगी पास झाल्याचं मला मोबाइलवरच्या निकालातून कळलं, तिचा बैठक क्रमांक मी तिच्या आजीकडून घेऊन ठेवला होता. मी महाद्वार रोडला जाऊन पेढे आणले. तिच्या दारात गेले तर घरात सगळी जेवायला बसलेली, कुणीच काही बोलत नव्हतं, त्या पोरीनं नवा ड्रेस घालून वर जुना शर्ट चढवलेला. मी तिच्या तोंडात पेढा घातला. ती मला मिठी मारून म्हणाली, ''मावशी, ती असती तर गणितात माझ्यापेक्षा जास्त मिळाले असते तिला.'' सातएक वर्षांत तिच्या तोंडून माझ्या मुलीचा विषय निघाला नव्हता. निघाला तो गणिताच्या मार्कांवरून. त्या संध्याकाळी आम्ही दोन्ही घरांचा स्वयंपाक एकत्र केला, आणि माझ्या मुलीला गणित खरंच येत होतं का यावर पुष्कळ वाद झाला. पाढे तिला येत होते, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत झालं.

दुसऱ्या एका मैत्रिणीची तऱ्हा वेगळी. तिची माझी गाठ मुलीच्या उपचारांसाठी मुंबईला होतो तेव्हा इस्पितळाच्या वॉर्डात पडली. ती गडहिंग्लजकडची, शेतकऱ्याची बायको, तिचा मुलगा आमच्या शेजारच्या खाटेवर. त्या वॉर्डात आया एकमेकींना नाव विचारत नाहीत. रक्ताचा काउंट किती आला, हे विचारतात. काउंट वाढला की शेजारणीला चहा, पडला की तिच्या खांद्यावर डोकं. तिचा मुलगा आमच्या मुलीनंतर दोन महिन्यांनी गेला. आज ती मला फोन करते तेव्हा कशी आहेस असं विचारत नाही. तिचा पहिला प्रश्न, ''जेवलीस न्हवं?'' आणि मग शेताचं, पावसाचं, म्हशीचं. मध्येच एखादं वाक्य येतं, ''आज लई आठवण आली बघ,'' कोणाची ते सांगावं लागत नाही. गल्लीतल्या मैत्रिणीला मला समजून घ्यावं लागलं. हिला ते कष्ट नव्हते. दोघींतली एक मोठी आणि एक लहान असं मला करता येत नाही.

इंग्लंडात कॉव्हेंट्री नावाचं गाव आहे. तिथल्या एका इस्पितळात १९६८ मध्ये दोन कुटुंबांची मुलं काही दिवसांच्या अंतरानं गेली. सायमन स्टीफन्स नावाचे एक तरुण धर्मोपदेशक तिथं काम करत होते. आपल्या शब्दांनी या आईबापांना काही मिळत नाही, पण ते एकमेकांशी बोलले तर मिळतं, असं त्यांना दिसलं. पुढच्या वर्षी त्यातून मुलं गमावलेल्या आईबापांची संघटना उभी राहिली, 'कम्पॅशनेट फ्रेंड्स' नावाची, आणि ती पुढं देशोदेशी पसरली. मला यात त्या उपदेशकाचं कौतुक वाटतं. ज्याच्याकडं बोलण्याचा अधिकार होता तो बाजूला झाला, आणि चार रडणाऱ्या माणसांना त्यानं एका खोलीत बसू दिलं. आमच्या वॉर्डातल्या आयांना अशी खोली नव्हती. त्यांच्याकडं जिन्याखालची जागा होती, जिथं डबे धुवायचा नळ होता.

कोल्हापुरात राहणाऱ्याला शाहू महाराज टाळता येत नाहीत, आणि या विषयात तर मला ते टाळायचेही नाहीत. महाराजांचा धाकटा मुलगा, प्रिन्स शिवाजी, १९१८ मध्ये शिकारीत अपघातानं गेला. घोड्यावरून रानडुकराच्या मागं होता. वर्षभरापूर्वीच लग्न झालेलं. सून इंदुमतीदेवी अजून लहान मुलगीच होती. मुलाच्या दुःखात बुडालेल्या त्या बापानं सुनेला पडद्याआड कोपऱ्यात बसवलं नाही. कोल्हापूरजवळ सोनतळीला तिच्या शिक्षणाची सोय केली, आणि एकटी पडू नये म्हणून वेगवेगळ्या जातींच्या मुली तिच्याबरोबर शिकायला ठेवल्या. महाराजांच्या शिक्षणविषयक कामात हे नेहमी मोजतात. मला त्यातली ती सोबतीच्या मुलींची गोष्ट फार मोठी वाटते. वही, पुस्तक, मास्तर हे सगळं एकटीलाही देता आलं असतं. स्वतः जळत असलेल्या माणसाला सुचलं की या पोरीला मैत्रिणी लागतील. पुढं दत्तोबांनी याच महाराजांची आणि बाबासाहेबांची ओळख घडवली. मुलगा गमावलेला एक राजा, मुलं गमावत चाललेला एक प्राध्यापक.

रमाबाईंचा विचार मनातून जात नाही. बाबासाहेबांनी दत्तोबांना पत्र तरी लिहिलं. पुढं १९४० च्या अखेरीस पाकिस्तानावरचा त्यांचा ग्रंथ आला, तो त्यांनी रमाबाईंच्या स्मृतीला वाहिला. रमाबाईंना जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. त्या अर्पणपत्रिकेत रमूच्या मनाचा चांगुलपणा आहे, सोसण्याची तयारी आहे, आणि ते दिवस गरिबीचे, विवंचनेचे आणि मित्रांवाचूनचे होते असंही आहे. मित्रांवाचूनचे. दत्तोबा असताना हे का लिहिलं असेल, असं मला पहिल्यांदा वाटलं. आता वाटत नाही. मित्र असतानाही माणूस ज्या एका खोलीत एकटा असतो, ती खोली मीही पाहिली आहे. नवरा-बायको त्यात शेजारी असतात आणि एकमेकांना हात लावत नाहीत, कारण दुसऱ्याच्या अंगावरची खपली निघेल. त्या खोलीत बाहेरचंच माणूस शिरू शकतं, मेथी घेऊन, टेंपो घेऊन. चाळीच्या लांब गॅलरीत रमाबाईंपाशीही एखादी बाई सूप घेऊन येऊन बसली असेल, अशी मी माझ्या समाधानासाठी कल्पना करते. अशा बाईची नोंद कुठल्याच चरित्रात होत नसते.

आयुष्याच्या शेवटी बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' लिहिला. तो १९५७ मध्ये, ते गेल्यानंतर, प्रसिद्ध झाला. त्यात दुःखितांना शांतवणाऱ्या बुद्धाबद्दल एक भाग आहे. नात गेलेली विशाखा त्यात येते, आणि एकुलता एक मुलगा गेलेली किसा गोतमी येते. गोतमीची कथा आपल्याला माहीत असते. मेलेलं मूल काखेला घेऊन ती औषध मागत फिरते, बुद्ध तिला मोहरी आणायला सांगतात, जिथं कुणीच मेलेलं नाही अशा घरातली. अशा घराची मोहरी मिळत नाही, आणि ती समजते. मृत्यू सर्वांना आहे, हा त्या कथेचा बोध म्हणून सांगतात. चार मुलं मातीत ठेवलेल्या माणसानं तीस वर्षांनी ही कथा आपल्या हातानं लिहिली, हे ध्यानात ठेवून मी ती वाचते, आणि मग मला बोधाच्या आधी ती दारं दिसतात. गोतमी एकेका दारात उभी आहे. आतून बाई मोहरी घेऊन येते, अट ऐकते, थांबते. मग सांगते की आमच्याकडं सासरा गेला, आमच्याकडं धनी गेला, आमच्याकडंही लेकरू गेलं. वेडी समजून जिला हुसकावत होते, तिला दुपारभर घरोघरी बायका आपापली माणसं सांगत होत्या. बुद्धांनी तिला रानात तपाला पाठवलं नाही. आधी शेजारणींकडं पाठवलं.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या मागच्या आळीत एका तरुण जोडप्याचा चार वर्षांचा मुलगा तापात गेला. मी त्यांना नावानं ओळखत नव्हते. बाजारात बघून हसायचं, एवढीच ओळख. माझी मैत्रीण म्हणाली, ''चल, दोघी जाऊ.'' मग दारापर्यंत आली आणि म्हणाली, ''तू पुढं हो. तुझं ती ऐकेल.''

ती पोर आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात त्याच्या कपड्यांचा ढीग. मला बघून तिनं रडणं आवरलं, पदर सारखा केला, आल्यागेल्याशी जसं बोलतात तसं ''या काकू'' म्हणाली. मी तिच्याजवळ खाली बसले. माझ्याकडं तिला द्यायला काहीही नव्हतं. मी तिला सांगितलं की माझी मुलगी आठ वर्षांची होती. ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, ''काकू, हे कपडे धुवायचे का? सासूबाई म्हणतात धुऊन वाटून टाकू.''

''धुऊ नकोस,'' मी म्हटलं. ''एक तरी तसाच ठेव. पिशवीत घालून, तोंड बांधून. वाटायची घाई कुणालाच नसते.''

''तुम्ही ठेवला होता?''

''अजून आहे.''

मग ती सांगायला लागली. त्याला बनियन आवडायचा नाही. पाऊस आला की उघडाच पळायचा. झोपताना कान धरून झोपायचा, स्वतःचा नाही, तिचा. शेवटच्या रात्रीही धरला होता. दवाखान्यातल्या बाईंनी हात सोडवला. हे तिनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. मग बालवाडीतलं एक गाणं, त्यातलं शेवटचं कडवं तो मुद्दाम चुकवायचा. मग त्याला न आवडणारी भाजी. सांगता सांगता तिचा आवाज मोठा झाला, आणि मैत्रीण दारातून आत येऊन माझ्यामागं बसली. स्वयंपाकघरातलं भांड्यांचं काम थांबलेलं मला जाणवलं. थोड्या वेळानं सासूबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या, तो खाली ठेवला आणि उभ्याच राहिल्या. सुनेनं बोलणं थांबवून त्यांच्याकडं बघितलं.

''सांग की गं,'' त्या म्हणाल्या आणि भिंतीला हात धरून खाली बसल्या. ''दोडक्याचं सांगत हुतीस ते सांग. त्यो ताटातला दोडका माझ्या ताटात टाकायचा, त्ये मी सांगते.''